यंत्र बंद करा, मॅडम!

ज्वालामुखीवरचा लेख छापून आल्यावर बरीच पत्रे आली. लाव्हा किती तापलेला असतो, भीती वाटली नाही का, तिकडे जेवणाखाण्याचे काय, असे बहुतेकांनी विचारले. शहापूरच्या एका वाचक भगिनींनी मात्र वेगळेच विचारले आहे. त्यांचा भाचा संशोधनासाठी पहिल्यांदाच परदेशी निघाला आहे, सोबत संस्थेचे महागडे यंत्र आहे आणि 'कस्टमवाले अडवतील काय?' ही घरात सगळ्यांना काळजी आहे. ताई, अडवतीलच असे नाही, पण अडवणार असे धरूनच त्याने निघावे. लाव्हा परवडला, तो निदान कुठून येतोय ते दिसते.

२०१९ साली मी आणि माझी विद्यार्थिनी रेयुनियन बेटावर गेलो, तेव्हाची ही हकीकत. मॉरिशसच्या शेजारचे हे बेट १९४६ पासून फ्रान्सचा एक जिल्हाच आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ हा २,६३२ मीटर उंचीचा ज्वालामुखी जगातल्या अतिशय जागृत ज्वालामुखींत मोडतो. बेळगावकरांनी त्याच्याशी नाते सांगायला हरकत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या उष्ण स्रोतातून आपल्या दख्खनचा काळा दगड ओतला गेला, तोच आज रेयुनियनखाली धगधगतो आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. चूल जागच्या जागी राहिली आणि आपण सरकत सरकत उत्तरेला आलो.

आमच्याजवळ ग्रॅव्हिमीटर होता. पृथ्वीची ओढ मोजणारे हे यंत्र आठ-नऊ किलोंचे, दिसायला पाण्याच्या छोट्या जारसारखे. आत क्वार्ट्झची नाजूक स्प्रिंग आणि तिला टांगलेले इवलेसे वजन. जमिनीखाली शिलारस हलला की त्या जागेची ओढ किंचित बदलते. तो बदल अगदी अब्जांशाच्या मापात टिपता येतो. मात्र त्यासाठी स्प्रिंग कायम एकाच तापमानात ठेवावी लागते, त्यामुळे यंत्र दिवसरात्र चालू असते. एकदा बॅटरी संपून आतला भाग थंड पडला, की पुन्हा ताळ्यावर यायला दोन-दोन दिवस घेते. आणि किंमत विचाराल तर तेवढ्यात टिळकवाडीत बऱ्यापैकी फ्लॅट येईल. म्हणून ते सामानात टाकायचे नाही, तान्ह्या मुलासारखे मांडीवर घेऊन जायचे.

कागद आमच्याकडे चोख होते. अशा वस्तूंसाठी 'एटीए कार्नेट' नावाची सोय १९६१ च्या ब्रुसेल्स करारापासून आहे. कार्नेट म्हणजे यंत्राचा पासपोर्टच म्हणा. वस्तू विकायची नाही, वर्षाच्या आत परत न्यायची, या बोलीवर जकात न भरता ती देशोदेशी नेता येते. आपल्याकडे तो 'फिक्की' देते आणि त्यासाठी हमी ठेवावी लागते. आत निरनिराळ्या रंगांची पाने असतात. आपला देश सोडताना आणि परतताना पिवळे, परक्या देशात शिरताना आणि निघताना पांढरे, नुसते ओलांडून जायचे असेल तर निळे. प्रत्येक पानावर शिक्का हवा. एक शिक्का राहिला तर 'यंत्र तुम्ही तिकडेच विकले' असे समजून जकातीची मागणी महिन्यांनंतर घरी येते.

वाटेत एका देशात विमान बदलायचे होते. (देशाचे नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांचा मला राग नाही.) पुढचे तिकीट निराळे असल्याने बाहेर येऊन पुन्हा आत जाणे भाग होते. रात्रीचे अकरा वाजलेले. तपासणीच्या टेबलावर पेटी उघडली तर आत दिवा लुकलुकतोय.

"हे चालू का आहे?"

चालूच ठेवावे लागते, असे मी सांगितले.

"यंत्र बंद करा, मॅडम!"

आता गंमत बघा. त्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने पेटीतली चालू वस्तू म्हणजे धोका आणि आमच्या दृष्टीने बंद पडलेले यंत्र म्हणजे धोंडा. दोघांचेही बरोबर. कार्नेट पुढे केला, तर त्यावर शिक्का मारणारे साहेब सकाळी सातला येणार. तोवर पेटी कुलपात. आमचे पुढचे विमान सव्वानऊला आणि त्यानंतरचे तीन दिवसांनी. बेटावर आम्हाला मिळणार होते सगळे चौदा दिवस. त्यातले पाच असे गेले असते तर मुलीच्या प्रबंधातले एक प्रकरणच गेले असते, आणि शिष्यवृत्तीचे ते तिचे शेवटचे वर्ष. तिचे डोळे भरून आले. मला रडू येत नाही, मला अशा वेळी भूक लागते.

मी भांडले नाही. कुलपात ठेवा, पण प्लग लावून ठेवा, एवढेच मागितले. तेही सहज मिळाले नाही. अर्धा तास फोनाफोनी झाली, मग कुठे एका शिपायाने खोलीतल्या चहाच्या किटलीची वायर काढून आमची लावली. त्या भल्या माणसाला रात्रभर चहा मिळाला नसणार.

सकाळी साहेब आले. वयस्क, शांत. त्यांनी कागद वाचले, यंत्रावरचा क्रमांक ताडून पाहिला आणि म्हणाले, "पण हे करते काय?" मी शिलारस, स्प्रिंग वगैरे सुरू केले तसे त्यांचे डोळे मिटू लागले. तेव्हा विद्यार्थिनीच पुढे झाली. तिने यंत्र जमिनीवर ठेवून आकडा घेतला, मग टेबलावर ठेवून घेतला. पाऊण मीटर वर गेल्यावर पृथ्वीची ओढ तेवढ्यानेही कमी झालेली पडद्यावर स्वच्छ दिसली.

"म्हणजे टेबलावर चढलो तर मी हलका होईन?"

"हो सर. पण गुंजेच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकेच."

साहेब मनापासून हसले. शिक्का बसला. आम्ही धावतपळत विमान गाठले.

यंत्रांची अशी अडवणूक आजची नाही. १८०२ साली मद्रासहून भारताची मोजणी सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्बटनचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट इंग्लंडहून येताना फ्रेंचांनी जहाजासकट धरला आणि मॉरिशसला नेला. युद्ध चालू होते, तरी तिथल्या फ्रेंच गव्हर्नराने ते शास्त्राचे यंत्र म्हणून मद्रासला पाठवून दिले. लॅम्बटन १८२३ साली मोजणी करत असतानाच आपल्या हिंगणघाटला वारला. पुष्कळांना हे ठाऊकही नसते.

तर भाच्यासाठी थोडे. यंत्र काय करते ते आजीला कळेल अशा चार ओळींत, तिथल्या भाषेत लिहून, फोटोसह जवळ ठेवावे. किंमत कमी दाखवण्याचा मोह धरू नये. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या पिशवीतच. शंभर वॅट-तासांपर्यंत अडचण नसते, एकशे साठपर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे प्रवासी सामानात नाहीच. कार्नेट नसेल तर निघताना आपल्या विमानतळावर कस्टमकडून निर्यात दाखला घ्यावा, नाहीतर परतताना आपलेच यंत्र नवे घेतले म्हणून जकात मागतील. सॅटेलाइट फोन असेल तर त्या देशाचा कायदा आधी पाहावा. २०२४ च्या डिसेंबरात आपल्या गोव्यातच परदेशी प्रवासी तशा उपकरणांवरून अडकले होते.

दगडांचे नमुने आणणार असेल तर तिथल्या परवानगीचा कागद नमुन्यांसोबतच बांधावा. आमची पोती पाहून मुंबईत एकाने विचारलेच, "एवढ्या लांबून दगड? आपल्याकडे संपले की काय?" मी म्हटले, घरचेच आहेत, मागे राहिले होते.

आणि ताई, पिना बदलायचा अ‍ॅडॅप्टर त्याला आठवणीने द्या. किटलीवाला दर वेळी भेटत नाही.