थायरॉइडची नजर डोळ्यांवरही

थायरॉइड म्हटले की गळा आणि वजन आठवते, डोळे आठवत नाहीत. म्हणूनच लाल, सुजलेले, बाहेर आल्यासारखे दिसणारे डोळे घेऊन रुग्ण महिनोन् महिने ॲलर्जीचे थेंब घालत राहतो. ग्रेव्ह्ज आजारात शरीराच्याच अँटिबॉडी थायरॉइडवरील टीएसएच रिसेप्टरवर हल्ला चढवतात. हाच रिसेप्टर डोळ्यांमागच्या पेशींवरही असतो. त्यामुळे तिथली चरबी व स्नायू सुजतात. म्हणजेच टीएसएचचा रिपोर्ट नॉर्मल आला, तरी डोळे सुरक्षित आहेत असे नव्हे. ‘ट्रॅब’ ही या अँटिबॉडींची रक्तचाचणी निदानाला आधार देते. तिची पातळी चढीच राहिली, तर आजार बळावण्याचा धोका अधिक. मात्र एका आकड्यावर उपचार ठरू नयेत. वेदना, लाली, सूज यांची ७ गुणांची तपासणी सोबत हवी; ३ किंवा अधिक गुण म्हणजे दाह सक्रिय. दाह शमवणारी औषधे याच काळात उपयोगी पडतात. रंग फिके दिसू लागले, तर डोळ्याच्या नसेवर दाब असू शकतो. तेव्हा रिपोर्टची वाट पाहू नये. सिगारेटचा धोका ओळखायला तर प्रयोगशाळाही लागत नाही. थायरॉइडच्या प्रत्येक तपासणीत डोळ्यांची चौकशी व्हायलाच हवी.