आयत्या पिठावर रेघोट्या

सहलीला आलेल्या माणसाला 'स्वतःच्या हातांनी पारंपरिक स्वयंपाक' शिकवणारे वर्ग आता जगभर निघाले आहेत. इतका साळसूद खोटेपणा मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिलेला नाही. ऐंशीएक डॉलर मोजून माणूस एप्रन बांधतो, हात धुतो, फोटो काढतो आणि दुपारी 'मी मोले केलं' असं जगाला कळवून मोकळा होतो. केलेलं कुणीतरी दुसऱ्याच बाईने असतं. ती फोटोत नसते.

मेक्सिकोतल्या वाहाकाला जाऊन माझं हे मत बनलं असं नाही. मत आधीपासूनच होतं, तिथे पुरावे मिळाले. पण असा वर्ग कुठे खरा निघायला हवा असेल, तर तो वाहाकातच. शहराबाहेर मितलाच्या वाटेवर गिला नाकित्स नावाची गुहा आहे. तिथे सापडलेली मक्याची कणसं सव्वासहा हजार वर्षांपूर्वीची आहेत. सात प्रकारच्या मोलेंची, म्हणजे मिरची-मसाले वाटून केलेल्या दाट रश्श्यांची, मिरवणूक याच राज्याची. आणि याच शहराने 2002 साली मुख्य चौकात मॅकडोनाल्ड्स येऊ दिलं नाही. फ्रान्सिस्को तोलेदो या चित्रकाराने चौकात लोकांना तमाले, म्हणजे पानात वाफवलेले मक्याच्या पिठाचे उंडे, फुकट वाटून तो लढा जिंकला. त्या शहरात आज डझनावारी वर्ग चालतात आणि सगळ्यांचा साचा एकच: बाजारात फेरी, लाल अंबाडीचं सरबत, ग्वाकामोले, तोर्तिया, मोले, शेवटी मेस्काल या दारूचा घोट. बर्गर हद्दपार झाला, पण त्याची शिस्त एप्रन घालून मागच्या दाराने आत आली.

आमच्या वर्गात 'स्वतःच्या हातांनी' म्हणजे नेमकं काय होतं ते सांगते. मक्याच्या ओल्या पिठाचे लिंबाएवढे गोळे आधीच करून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेले. लोखंडी प्रेसच्या दोन पात्यांमध्ये प्लॅस्टिकचे दोन तुकडे, मध्ये गोळा, दांडा दाबला की तोर्तिया तयार. पाच वर्षांचं पोरही दाबेल. खरी गोम पुढे. ती पातळ चकती प्लॅस्टिकवरून तळव्यावर घ्यायची आणि मातीच्या तापलेल्या कोमालवर एका सुरकुतीविना पसरायची. कडा सुटल्या की उलटायची, मग पुन्हा उलटायची, तेव्हा ती टम्म फुगते. आमच्यातल्या बहुतेकांची तव्यावर पडतानाच दुमडली. कोमालशी उभी असलेली वयस्क बाई मुकाट्याने ती बोटांनी उचलायची, बाजूला टाकायची, आपल्या गोळ्याची एक झटक्यात लावायची. फुगली की टाळ्या. टाळ्या पडायच्या त्या दांडा दाबणाऱ्याला.

शिकवणारा वेगळा होता. फर्डं इंग्रजी बोलणारा, हजरजबाबी तरुण. बाईला त्याने एकदा 'आमच्या स्वयंपाकघराचा आत्मा' म्हटलं. आत्मा म्हटलं की नाव सांगावं लागत नाही आणि पगाराचाही विषय निघत नाही.

मागच्या पडवीत मला एक बादली दिसली. आत पिवळट, चिकट पाणी, वर मक्याची सालपटं तरंगत होती आणि नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीचा ओला वास येत होता. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये मी त्या बाईंना विचारलं, "सेन्योरा, मका कधी शिजवलात?"

"काल रात्री."

"आणि दळला कधी?"

"पहाटे, गिरणीतून. पाचला रांग असते."

इतक्यात आतून हाक आली, की चला, आता अवोकाडो कुस्करायचा आहे.

माझ्या रागाचं मूळ या बादलीत आहे. मेक्सिकोच्या स्वयंपाकात हजारो वर्षांची म्हणावी अशी विद्या कुठली असेल, तर ती ही. किलोभर मक्याला दहाएक ग्रॅम चुना घालून शिजवायचा, रात्रभर त्याच पाण्यात मुरू द्यायचा, सकाळी चोळून धुवायचा, की साल सुटते आणि दाणा दळण्याजोगा होतो. त्याला निश्तमाल म्हणतात. चुन्याशिवाय मक्याच्या पिठाचा असा लवचीक गोळा होत नाही, पण त्याहून मोठी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व दाण्यात असं अडकलेलं असतं की पोटात जाऊनही अंगी लागत नाही. चुना ते मोकळं करतो. युरोपने मका उचलला, चुना तिथेच सोडला. मग अठराव्या शतकात स्पेन-इटलीतले मक्यावर जगणारे गरीब शेतकरी पेलाग्राने मरू लागले: कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे, भ्रम व्हायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडेही तेच झालं. हा रोग जंतूंचा नसून ताटातला आहे, हे जोसेफ गोल्डबर्गर नावाच्या डॉक्टरला जीव तोडून सिद्ध करावं लागलं आणि त्यामागे नायसिन आहे हे कळायला 1937 साल उजाडलं. मेसोअमेरिकेतल्या बायका मका चुन्यात शिजवत होत्या याचे पुरावे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे आहेत.

वर्गात यातलं अवाक्षर नाही. युनेस्कोने 2010 साली मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, हे मात्र माहितीपत्रकावर ठळक छापलेलं होतं. युनेस्कोच्या त्या नोंदीत काय आहे? मका-घेवडा-मिरचीची मिश्र शेती आहे, निश्तमाल आहे, दगडी पाटे आहेत आणि मिचोआकानमधल्या स्वयंपाकिणींचे गट आहेत. म्हणजे जे वर्गात पडद्याआड ठेवलं, बहुतेक तेच. ते ठेवायचं कारणही सरळ आहे. निश्तमालला रात्र लागते, गिऱ्हाइकाकडे चार तास असतात, आणि चुन्याच्या पाण्याचा फोटो चांगला येत नाही. मक्याला चुना लावलेला आम्ही पाहिलाच नाही. लागला तो आम्हाला.

मग चार तास भरायचे कशाने? गोष्टींनी. पुएब्लाच्या सांता रोसा मठात बिशप जेवायला येणार म्हणून जोगिणींची धांदल उडाली आणि सिस्टर आंद्रेआने हाताला येईल ते वाटून मोले केलं, ही दंतकथा आम्हाला साभिनय ऐकवण्यात आली. गोष्ट गोड आहे, खोटेपणाही गोड आहे. मिरची वाटून केलेले दाट रस्से स्पॅनिश लोक यायच्या आधीपासून इथल्या बाजारात विकले जात होते. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन या पाद्र्यानेच ते नोंदवून ठेवले आहेत. आणि मठाच्या स्वयंपाकघरात पाट्यावर वाटायला कोण बसत असेल, ते सांगायला इतिहासकार लागत नाही. ती बाई त्या गोष्टीतही नव्हती, या वर्गातही नव्हती.

काळ्या मोलेचं जे झालं त्याला तर फसवणूकच म्हणते. चिलवाकले ही त्याची खरी मिरची, कुइकात्लानच्या खोऱ्यात पिकते, थोडी पिकते आणि महाग असते. ती घातली आहे का, असं विचारलं तर उत्तर आलं, "सध्या सीझन नाही." वाळवणीच्या मिरचीला कसला आलाय सीझन? मिरच्या काळ्या होईस्तोवर भाजणं, त्यांच्या बिया आणि तोर्तिया जाळून त्यांची राख वाटणात घालणं, हे खोकवणारं, डोळे चुरचुरवणारं काम आम्हाला करायला नव्हतंच. बाजारातून आणलेला मोलेचा गोळा कोंबडीच्या रश्श्यात कालवला आणि लाकडी पळी सगळ्यांच्या हातून फिरली. वाहाकाच्या गृहिणीही तयार गोळा विकत आणतात, त्यात लाज काहीच नाही. त्या मात्र 'मी बनवलं' असं प्रमाणपत्र घेऊन घरी जात नाहीत.

प्रमाणपत्र खरंच दिलं. जाड कागदाचं.

दगडी मेतातेही होता, अंगणात फुलदाणीशेजारी. तीन पायांचा, पुढे उतरता, ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा पाटा. प्रत्येकाने गुडघ्यांवर बसून कोकोच्या बियांवर चार हात मारायचे, मागून कुणीतरी व्हिडिओ घ्यायचा. यांत्रिक गिरण्या गावागावांत पोचल्या त्या विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात. त्याआधी घरच्या तोर्तियांपुरतं दळायला बाईला रोज चार-पाच तास याच दगडापुढे गुडघे टेकावे लागत. गिरणी आली तेव्हा कुणी रडलं नसणार. आमच्या आज्या पहाटे जात्यावर बसत, त्यांच्या ओव्या आता संशोधक गोळा करून जतन करतात आणि ते चांगलंच आहे. पण पिठाची गिरणी सुरू झाल्यावर त्यातली एकही आजी जात्याकडे परत गेल्याचं मी ऐकलेलं नाही. कष्ट ज्याच्यावर लादले गेले नाहीत, त्यालाच त्यांची चव घ्यावीशी वाटते. तेही चाळीस सेकंद.

आता आपल्याकडची मंडळी. वर्गात टेक्सासहून आलेलं एक मराठी जोडपं होतं. वहिनी मोठ्या प्रेमळ. पण दर पाच मिनिटांनी "अहो ताई, हे तर आपलं थालीपीठच!", "ही आपली हिरवी चटणी!" जगात काहीही दाखवा, दोन मिनिटांत ते आपलंच निघतं. भाऊंनी तर "मिरची म्हणजे आपल्याकडची" असं त्या शिक्षकाला सुनावलं. ज्या भूमीत मिरची माणसाळवली गेली तिथे उभं राहून! पोर्तुगीज ती घेऊन गोव्याला आले सोळाव्या शतकात. त्याआधी आपण तिखटासाठी मिरी वाटत होतो. मका, पेरू, पपई, टोमॅटो, चिकू हेही सगळे तिकडचेच. आणि उलटही आहेच: मोलेत तीळ, लवंग, मिरी, दालचिनी पडते, ती समुद्र ओलांडून गेलेली. एवढं खरं, रसरशीत देणं-घेणं समोर असताना 'आपल्यासारखंच' म्हणून गप्प बसायचं, म्हणजे काही शिकायचं नाही असं ठरवून येणं.

एका बाबतीत मात्र मी वहिनींच्या बाजूची. त्यांनी तमालात डुकराची चरबी नको म्हटलं, तर शिक्षक हसून म्हणाला, "मग ते अस्सल नाही." अरे बाबा, डुक्करच मुळी स्पॅनिश लोकांनी आणलं! ते येण्यापूर्वीचा तमाल बिनचरबीचाच असायचा. तासभर आधी 'स्पॅनिशपूर्व परंपरा' म्हणून छाती फुगवणाऱ्याला हे सांगावं लागलं, तर तो म्हणाला, "गुड पॉइंट," आणि चरबी फेटत राहिला.

कुणी म्हणेल, निदान गावात पैसा तरी येतो. येतो ना. 2025 मध्ये मेक्सिकोतलं किमान वेतन दिवसाला 278.80 पेसो होतं. तेव्हा ऐंशी डॉलर म्हणजे साधारण पंधराशे पेसो, म्हणजे एका पाहुण्याच्या एका सकाळीत किमान वेतनाचे पाच दिवस. आणि आम्ही दहा-बारा जण होतो. टिपेची बरणी शिक्षकापुढे होती. मी मागे जाऊन बाईंच्या हातात नोटा ठेवायला लागले, तर तो लगबगीने आला, "ते आम्ही नंतर सगळे वाटून घेतो." घेत असतील. घरभाडी आणि पर्यटकांची गर्दी यांच्याविरुद्ध 2024 च्या जानेवारीत याच शहरात मोर्चा निघाला होता. पैसा आला एवढंच पाहणाऱ्यांनी तो कोणाच्या हातात आला हेही विचारावं.

हे सगळं नीट करता येत नाही, असंही नाही. शहरापासून जवळच तेओतित्लान देल वाये या झापोतेक विणकरांच्या गावात मेंदोसा भगिनींचं त्लामानाली हे उपाहारगृह आहे. तिथे मेताते शोभेला नाही, आणि अबिगाइल मेंदोसा हे नाव सगळ्यांना ठाऊक आहे, कारण स्वयंपाक करणारी आणि नाव असणारी बाई तिथे एकच आहे. माझं म्हणणं तेवढंच आहे. वर्ग संध्याकाळी सुरू करा. चुना हातात द्या, मका निवडायला लावा, मग झोपायला पाठवा. पहाटे पाचला गिरणीच्या रांगेत उभं करा. शिकवू द्या त्या बाईंनाच, इंग्रजी येणाऱ्याला दुभाषा करा. पैसे दुप्पट घ्या. निम्मे लोक येणार नाहीत. न येवोत.

तोवर वाहाकाला जाल तर बुकिंगच्या आधी एकच विचारा: मका कोण शिजवतं आणि किती वाजता? "पीठ आमच्याकडे तयार असतं" असं उत्तर आलं, तर ते ऐंशी डॉलर खिशातच ठेवा आणि बाजारात मेमेला, म्हणजे जाडसर तोर्तिया, भाजणाऱ्या बाईच्या बाकड्यावर जाऊन बसा. पोटभर खा, वर घसघशीत टिप ठेवा. एप्रन ती देणार नाही, पण पीठ कधी दळलं ते नक्की सांगेल.