बॉब ईवेल सापडला, मिस गेट्स निसटली

बॉब ईवेलचा राग येणे फार सोपे आहे. हार्पर ली यांच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' या कादंबरीत तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन उभा राहतो, त्या क्षणापासून वाचकाने त्याचा तिरस्कार करावा अशीच सगळी मांडणी आहे. दारुडा, आळशी, सरकारी मदतीचे पैसे व्हिस्कीत उडवणारा, पोरांना उपाशी ठेवणारा. स्वतःच्या मुलीला स्वतः मारतो आणि आळ घेतो टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर, तोही बलात्काराचा. खटला जिंकूनही त्याचे समाधान होत नाही. टॉमची बाजू मांडणारे वकील ॲटिकस फिंच यांच्या तोंडावर तो थुंकतो, टॉमच्या विधवेचा रस्त्यात पिच्छा पुरवतो आणि शेवटी अंधारात सुरा घेऊन वकिलाच्या लहान मुलांवर धावून जातो. त्यात तोच मरतो. वाचक सुटकेचा नि:श्वास टाकतो आणि पुस्तक मिटतो.

आमच्या वाचनगटात ही कादंबरी घेतली तेव्हा मी सगळ्यांना एका चिठ्ठीवर खलनायकाचे नाव लिहायला सांगितले होते. कॉलेजात जाणाऱ्या मुली, दोन-तीन शिक्षक, एक निवृत्त पोस्टमन चाचा असा आमचा गट. प्रत्येक चिठ्ठीवर एकच नाव आले. पहिल्या वाचनानंतर मीही तेच लिहिले असते. पण दुसऱ्यांदा वाचताना मला ईवेलपेक्षा त्याच्या आजूबाजूच्या माणसांची जास्त भीती वाटली, आणि ती का वाटली हे या लेखात सांगायचे आहे.

कादंबरी 1960 साली आली, पण तिच्यातला काळ 1930च्या दशकाचा आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामा राज्यात मेकॉम नावाचे काल्पनिक गाव. कथा सांगते ॲटिकसची मुलगी स्काउट. गावाच्या उकिरड्यामागे, पूर्वी एका कृष्णवर्णीय कुटुंबाची असलेल्या खोपटात ईवेल राहतो. त्याचे पूर्ण नाव रॉबर्ट ई. ली ईवेल. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या फौजेच्या सेनापतीचे नाव गावातल्या सगळ्यात हलाखीच्या घरात ठेवलेले आहे. वडिलोपार्जित म्हणावे असे त्या घरात एवढेच असावे.

पण हे गाव ईवेलशी कसे वागते ते पाहा. गाव त्याला घरात घेणार नाही, शेजारी बसवणार नाही. तरी त्याच्यासाठी कायदा मात्र वाकवते. त्याची मुले वर्षातून एक दिवस शाळेत येतात, हजेरीपटावर नाव लागले की परत जात नाहीत, आणि शाळा ते चालवून घेते. शिकारीचा हंगाम नसताना तो शिकार करतो, त्याकडेही काणाडोळा होतो. मुले उपाशी राहू नयेत म्हणून, असे त्याचे समर्थन ॲटिकसच देतात. उपाशी कृष्णवर्णीय मुलांच्या बापाला मेकॉमने ही सवलत दिली असती का? ईवेलकडे जमीन नाही, अक्कल नाही, अब्रू नाही. गोरी कातडी तेवढी आहे, आणि ती गावात चालते हे त्याला पक्के ठाऊक आहे.

म्हणून खोटे बोलणारा ईवेल मला तितका महत्त्वाचा वाटत नाही. त्याचे खोटे चालवून घेणारे बारा जण महत्त्वाचे वाटतात. खटल्यात पुरावा काय होता? मुलीच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार बसलेला, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. ईवेल भर कोर्टात डाव्या हाताने सही करतो. टॉमचा डावा हात लहानपणी कापसाच्या जिनिंग यंत्रात सापडून निकामी झालेला आहे. मुलीला डॉक्टरकडे कुणी नेलेच नव्हते. लहान मुलांना कळावे इतके हे स्पष्ट आहे, आणि स्काउटचा भाऊ जेम याला ते कळतेही. तो सज्जात बसून आपण जिंकलो म्हणून खूश होतो. ज्यूरीला कळले नाही असे मानायला मी तयार नाही. त्यांना कळले होते. एका बाजूला खरे बोलणारा काळा माणूस, दुसऱ्या बाजूला खोटे बोलणारा गोरा माणूस, आणि त्यांनी समजून-उमजून निवड केली. काही तास घेतले, एवढेच. त्या बारांत एक जण सुरुवातीला सुटकेच्या बाजूने अडून बसला होता असे नंतर समजते. तोही अखेर बाकीच्यांबरोबर गेला.

या बारांत गावातले प्रतिष्ठित लोक का नव्हते, हा प्रश्न जेम विचारतो. त्यावर ॲटिकसने दिलेले उत्तर मला पुस्तकातले सगळ्यात अस्वस्थ करणारे वाटते. गावातल्या लोकांना यात रस नसतो, आणि त्यांना भीती वाटते. भीती जिवाची नाही, गिऱ्हाईक तुटण्याची. दोन ओळखीच्या माणसांच्या वादात निकाल द्यायची वेळ आली तर दुकानदार एक गिऱ्हाईक तरी गमावणारच. त्यापेक्षा काही कारण सांगून ज्यूरीतून नाव काढून घेतलेले बरे. बायकांना तर त्या काळी अलाबामात ज्यूरीवर बसताच येत नव्हते. तो अडथळा न्यायालयाच्या निकालाने दूर व्हायला 1966 साल उजाडले. म्हणजे टॉमचा जीव घेण्यात ईवेलचा द्वेष जेवढा कामी आला, तेवढीच गल्ल्यावर बसलेल्या भल्या माणसाची सोयही कामी आली.

मायेला ईवेलबद्दल आमच्या गटात बराच वाद झाला. ही टॉमवर आळ घेणारी एकोणीस वर्षांची मुलगी. एका मुलीने विचारले, बलात्काराची तक्रार करणाऱ्या बाईवर विश्वास ठेवू नये असे हे पुस्तक शिकवते का? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे बाईची तक्रार खोटी ठरवायला लोक आधीच टपलेले असतात, त्यांच्या हातात असे पुस्तक धोक्याचे ठरू शकते. पण मायेलाला नुसती खोटारडी म्हणून बाजूला ठेवता येत नाही. आई नाही, लहान भावंडांचा सगळा भार हिच्यावर, बाप मारतो आणि मारण्याहून वाईट काही करत असावा असा इशारा टॉमच्या साक्षीत येतो. उकिरड्यालगतच्या त्या अंगणात फुटक्या भांड्यांत लावलेली लाल जिरॅनियमची फुले तिची. भावंडांना आइस्क्रीमला पाठवता यावे आणि टॉमशी एकटीने बोलता यावे म्हणून ती वर्षभर एकेक नाणे साठवते. मायेला पीडित आहे, आणि आपल्याहून दुबळ्या माणसाला पुढे ढकलून ती स्वतःला वाचवते, हे दोन्ही खरे आहे. तिला दयामाया दाखवायची चूक टॉमने केली. कोर्टात तो सांगतो की तिची कीव आली म्हणून मी तिची कामे करून देत होतो, आणि तिथेच तो संपतो. काळ्या माणसाने गोऱ्या बाईची कीव करावी हे ज्यूरीला बलात्काराच्या आरोपाइतकेच असह्य होते.

आता मिसेस मेरीवेदर. निकालानंतर ॲटिकसच्याच घरी मिशनरी मंडळाच्या बायकांचा चहा-फराळ चालला आहे. दूरदेशीच्या 'म्रुना' नावाच्या जमातीच्या दु:खाने मेरीवेदरबाईंचे डोळे भरून येतात. लगेच पुढच्या घासाला त्या तक्रार करतात की निकालापासून घरची स्वयंपाकीण तोंड पाडून काम करते. गावातले काही लोक चांगले असले तरी वाट चुकलेले आहेत, असा टोमणाही त्या मारतात. तो यजमानालाच आहे. ज्या माणसाच्या ताटातले खाता आहात त्याच्याबद्दल हे बोलता आहात, याची आठवण शेजारची मिस मॉडी एका वाक्यात करून देते. त्याच चहाच्या वेळी बातमी येते की टॉम तुरुंगाचे कुंपण चढून पळताना पहारेकऱ्यांच्या गोळ्यांनी मेला. सतरा गोळ्या.

आणि मिस गेट्स, स्काउटची वर्गशिक्षिका. वर्गात बातम्यांचा तास आहे. एक मुलगा हिटलर ज्यूंचा छळ करतो ही बातमी आणतो. मिस गेट्स फळ्यावर मोठ्या अक्षरांत लोकशाही हा शब्द लिहितात आणि मुलांना समजावतात की आपल्या देशात कुणाचा छळ होत नाही, असे करतात ते पूर्वग्रह असलेले लोक. त्या मनापासून बोलत असतात. स्काउटला मात्र निकालाच्या रात्रीचे त्यांचे बोलणे आठवते. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना त्या म्हणत होत्या की या लोकांना कुणीतरी धडा शिकवायलाच हवा होता, नाहीतर उद्या आपल्याशी लग्न करायला येतील. हिटलरचा इतका राग असलेले माणूस घरच्या माणसांबद्दल असे कसे बोलू शकते, हे ती जेमला विचारते. जेम तिच्यावर खेकसतो. कोर्टाचे नावही काढू नकोस म्हणतो. आणि तो प्रश्न तिथेच राहतो.

ॲटिकसशी माझे पटत नाही ते इथे. टॉमला ठार मारायला तुरुंगावर चालून आलेल्या टोळीत शेतकरी वॉल्टर कनिंगहॅम होता. तो मुळात भला माणूस आहे, कुठेतरी त्याची नजर चुकते एवढेच, असे ॲटिकस मुलांना सांगतात. स्काउटने त्याच्या मुलाची चौकशी केल्यावर तो शरमून टोळी मागे नेतो, हे खरे. माणूस बदलू शकतो हेही खरे. पण ही नजर नेमकी काळ्या माणसाकडे पाहतानाच चुकते, आणि त्या चुकीची किंमत नजर चुकणारा कधीच देत नाही. 2015 साली हार्पर ली यांचे आधीचे लेखन 'गो सेट अ वॉचमन' प्रसिद्ध झाले. त्यातले म्हातारे ॲटिकस वंशविभाजनाची बाजू घेणाऱ्यांच्या बैठकीत बसलेले दिसले, तेव्हा जगभरच्या वाचकांना धक्का बसला. मला फारसा बसला नाही.

हे सगळे कादंबरीतच घडले असते तर गोष्ट वेगळी. 1931 साली अलाबामातच स्कॉट्सबरो इथे नऊ कृष्णवर्णीय मुलांवर दोन गोऱ्या तरुणींवर बलात्कार केल्याचा आरोप ठेवला गेला आणि गोऱ्या ज्यूरींनी आठ जणांना मृत्युदंड दिला. पुढे त्या दोघींपैकी एकीने कोर्टात येऊन तक्रार खोटी असल्याचे सांगितले, तरी ज्यूरीने पुन्हा दोषीच ठरवले. 1955 साली मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिलला ठार मारणारे दोघे निर्दोष सुटले आणि पुढच्या वर्षी पैसे घेऊन एका मासिकाला त्यांनीच खुनाची हकीकत सांगितली. त्या गावांतही दुकानदार होते, शिक्षिका होत्या, रविवारी चर्चला जाणाऱ्या बायका होत्या.

आपण मुसलमान वाचक ही कादंबरी वाचतो तेव्हा आपोआप टॉमच्या जागी जाऊन बसतो. त्याला कारणे आहेत. भाड्याचे घर शोधताना नाव ऐकल्यावर एजंटचा आवाज कसा बदलतो ते मी तीन वेळा अनुभवले आहे. तिसऱ्या वेळी तर मालकीणबाईंनी चहा पाजला, माझ्या मराठीचे कौतुक केले आणि मग सोसायटीवर ढकलले. त्या ईवेल नव्हत्या. मेरीवेदर होत्या.

पण ज्यूरीच्या बाकावर आपण कधी बसतो की नाही? रंगभेदाबद्दल बोलायचे तर आपल्याकडे सांगण्यासारखे खूप आहे. हजरत बिलाल यांची अजान, हुज्जतुल विदाच्या खुतब्यात काळ्या-गोऱ्याचा भेद नाकारणारी शिकवण, 1964च्या हज यात्रेत सगळ्या रंगांच्या माणसांबरोबर एका ताटात जेवून बदललेले माल्कम एक्स. हे आम्ही जलशांत सांगतो आणि त्यात खोटे काही नाही. मिस गेट्सच्या फळ्यावरचा शब्दही खोटा नव्हता.

माझ्या मामेबहिणीला एक स्थळ आले होते. मुलगा इंजिनियर, नमाजी, घरचे साधे, मुलीला पसंत. तो पिंजारी होता. बैठकीत माझे तीन मामू, एक फुफा आणि आमच्या मोहल्ल्यातले एक बुजुर्ग होते. बायका आतल्या खोलीत. इस्लाममध्ये जातपात नाही हे त्या बैठकीत निदान दोनदा बोलले गेले, मी स्वतः ऐकले. मग मुलाचे घर लांब आहे, पगार अजून कच्चा आहे, मुलीला जुळवून घेता येणार नाही अशी कारणे निघत गेली, आणि अर्ध्या तासात नकार ठरला. मी त्या वेळी एम.ए. झालेली होते, या चळवळीच्या शिबिरांना जात होते, बिरादरीवर एक निबंधही लिहिला होता. बहीण माझ्याकडे पाहत होती. मी ट्रे घेऊन बाहेर गेले, चहा दिला, मोठ्या मामूंनी साखर कमी आहे म्हटले म्हणून आत येऊन साखर नेली. त्या मुलाला आमच्याकडून कोणते कारण कळवले गेले, ते मी आजवर कुणाला विचारलेले नाही.