इशारा मिळतो, पुढे काय?

दरवर्षी उन्हाळा तोंडावर आला की भारतीय हवामान खाते आगामी मोसमाचा अंदाज जाहीर करते. कोणत्या भागात तापमान सरासरीहून अधिक राहील, उष्णतेच्या लाटा किती दिवस टिकतील, पुढे पाऊस सरासरीच्या किती टक्के पडेल, हे सारे त्यात असते. दोन दिवस चर्चा होते आणि मग जो तो आपापल्या कामाला लागतो. 1875 साली स्थापन झालेल्या या खात्याची एके काळी यथेच्छ थट्टा होत असे. उपग्रह, रडार आणि संगणक यांच्या साहाय्याने त्याने आपले काम पुष्कळच सुधारले आहे. आता थट्टा व्हायचीच असेल, तर ती इशारा हाती येऊनही स्वस्थ बसणाऱ्यांची व्हावी.

मोसमी अंदाज सरासरीचा असतो; संकट मात्र एका गावावर, एका दिवशी कोसळते. देशाच्या मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी चार महिन्यांत सुमारे 87 सेंटिमीटर आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर, म्हणजे त्याहूनही अधिक, पाऊस झाला; त्याच वेळी कुलाब्यात तो 100 मिलिमीटरही नव्हता. एकाच शहराच्या दोन टोकांत एवढे अंतर पडत असेल, तर साऱ्या देशाच्या एका आकड्यावर कोणी निश्चिंत राहावे? म्हणूनच खरे महत्त्व चार-पाच दिवस आधी मिळणाऱ्या जिल्हावार इशाऱ्याला आहे आणि तो मिळताच कोणी काय करायचे, हे आधीच ठरलेले असण्याला आहे.

ते ठरलेले असले म्हणजे काय साधते, हे ओडिशाने दाखवून दिले. ऑक्टोबर 1999च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. ऑक्टोबर 2013मध्ये ‘फायलिन’ आले तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच सुरक्षित स्थळी हलविण्यात आले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. निवारे बांधलेले होते, जबाबदाऱ्या वाटलेल्या होत्या. 2010च्या भीषण उन्हाळ्यात पोळलेल्या अहमदाबादनेही 2013 साली उष्णतेशी सामना करण्याचा स्वतंत्र आराखडा अमलात आणला.

याउलट 16 एप्रिल 2023 रोजी खारघर येथे भर उन्हात, उघड्या मैदानावर सरकारी सोहळा झाला आणि उष्माघाताने 14 जणांचा बळी गेला. किनाऱ्यावरील दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे पारा चाळिशीच्या खाली असतानाही शरीर तापते, हे काही गूढ शास्त्र नव्हे.

उन्हाची झळ सर्वांना सारखी बसत नाही. बांधकामावरचा मजूर, हमाल आणि शेतात राबणारी स्त्री यांना ‘दुपारी बाहेर पडू नका’ हा उपदेश म्हणजे रोजगार बुडविण्याचा सल्ला ठरतो. तेव्हा तांबड्या इशाऱ्याच्या दिवशी दुपारचे काम मजुरी न कापता थांबविणे, उघड्यावरील समारंभ रद्द करणे आणि धरणातून पाणी सोडण्यापूर्वी खालच्या गावांना पुरेसा अवधी देणे ही ऐच्छिक दयाबुद्धी न राहता नियमाने बंधनकारक कर्तव्ये व्हावीत. शाळेची वेळ बदलण्यासाठी मुख्याध्यापकाला वरच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागू नये. आकाशावर कोणाची सत्ता नाही; परिपत्रकावर मात्र आहे.