जातीचा रकाना

शाळेच्या जनरल रजिस्टरात मी वर्षानुवर्षं मुलांच्या जाती लिहिल्या. त्यावर शिष्यवृत्ती मिळे. मग पोलिसांनी जात लिहिली तर बिघडलं कुठं?

बिघडतं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ साली रद्द झाला. पण चोरी झाली की आमच्या खानदेशात पहिला संशय अजून पारध्यांच्या वस्तीवरच जातो. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितला, ते योग्यच झालं.

मात्र १९८९च्या ॲट्रॉसिटी कायद्याखाली फिर्याद द्यायची तर जात लिहावीच लागते. तिथं ती पीडिताची ढाल असते.

म्हणून जात लिहिण्याआधी एवढंच विचारावं : ही नोंद कुणाच्या कामी येणार?