माश्यांचा स्वयंपाक



गेल्या महिन्यात एका विद्यापीठातल्या आनुवंशशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाण्याचा योग आला. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीची मुलगी तिथे संशोधन करते. 'मावशी, एकदा येऊन बघ तरी' असा तिने कधीचा धोशा लावला होता. गेले, तर दारातच शिजत्या पिठाचा वास आला. आतल्या बाजूच्या खोलीत एक बाई मोठ्या पातेल्यात काहीतरी ढवळत होत्या. खाली लागू नये म्हणून आपण पिठलं ढवळतो, अगदी तसंच. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि घट्टपणा यावा म्हणून अगर. हे शिजलं की गरम असतानाच शेकडो बाटल्यांमध्ये ओतायचं, निवलं की कापसाचे बोळे बसवायचे. हा फळमाश्यांचा स्वयंपाक! फळमाशी म्हणजे पिकल्या केळ्यांवर घोंघावणारं ते चिलट. आनुवंशशास्त्राचा निम्मा इतिहास त्या चिलटांवर उभा आहे.

माश्यांचे वेगवेगळे वाण वर्षानुवर्षं जपायचे, तर त्यांना दर काही आठवड्यांनी नव्या बाटलीत हलवावं लागतं. नाही हलवलं तर वाण मरतो. मग घरात दिवाळी असो की आजारपण. या बाई अकरा वर्षं हे करत आहेत, रोजंदारीवर. 'मावशी एक दिवस नाही आल्या तर आमचं सगळं ठप्प होतं,' मैत्रिणीची मुलगी कौतुकाने म्हणाली. मी सहज विचारलं, 'तुमच्या शोधनिबंधाच्या शेवटी आभार मानतात ना, त्यात यांचं नाव असतं का?' ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'मला त्यांचं आडनावच माहीत नाही.'

'बाईचं काम' या विषयावरच्या या अंकासाठी लेख जमवत असताना हे वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून ज्या खोलीत या माश्यांना विज्ञानात मानाचं पान मिळालं, त्या खोलीत कोण कोण काम करत होतं, हे शोधून वाचलं.

ती खोली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होती. सोळा फूट बाय तेवीस फूट, त्यात आठ टेबलं, दुधाच्या बाटल्यांमध्ये माश्या आणि कुजक्या केळ्यांचा घमघमाट. थॉमस हंट मॉर्गन हे तिथले प्रमुख. लाल डोळ्यांच्या माश्यांमध्ये १९१० साली त्यांना एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि जनुकं गुणसूत्रांवर असतात, हे सिद्ध होण्याची वाट मोकळी झाली. त्याच सुमाराला कॅल्व्हिन ब्रिजेस हा गरीब घरातला विद्यार्थी तिथे बाटल्या धुण्याच्या कामावर लागला. धुवायच्या बाटलीच्या जाड काचेतून त्याला वेगळ्याच रंगाच्या डोळ्यांची माशी दिसली, असं सांगतात. मॉर्गननी त्याची नजर ओळखली, त्याला संशोधनात घेतलं. १९१६ साली 'जेनेटिक्स' हे नियतकालिक निघालं, त्यातला पहिलाच लेख ब्रिजेसचा होता. बाटल्या धुणारा शास्त्रज्ञ झाला. ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते आणि सांगावी अशीच ती आहे.

पण त्याच खोलीत लिलियन मॉर्गनही होत्या. लग्नाआधी त्या स्वतः जीवशास्त्रात संशोधन करत होत्या. १९०४ साली मॉर्गन यांच्याशी लग्न झालं, पुढे चार मुलं झाली आणि काम थांबलं. दर उन्हाळ्यात सगळी प्रयोगशाळा माश्यांसकट वुड्स होल या समुद्रकाठच्या गावी मुक्कामाला जाई. प्राध्यापकांचं घरही तिकडे हलायचं. घर हलवणं म्हणजे काय, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. मुलं शाळेत जाऊ लागल्यावर लिलियन प्रयोगशाळेत परतल्या. टेबल मिळालं, पगार नाही, पद नाही. नेहमी मुलगा एक्स हे गुणसूत्र आईकडून घेतो, मुलगी आई-बाप दोघांकडून. लिलियननी अशी माशी शोधली, जिची दोन्ही एक्स गुणसूत्रं एकमेकांना चिकटलेली होती. त्यामुळे तिच्या मुलींची दोन्ही एक्स आईचीच, आणि मुलग्यांचं एक्स मात्र बापाचं. गुणसूत्र जाईल तिकडे गुण जातो, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. १९२२ साली त्यांनी हे एकटीच्या नावाने प्रसिद्ध केलं. त्या प्रकारच्या माश्या जगभरच्या प्रयोगशाळा आजही वापरतात. पुढे सगळे कॅलिफोर्नियाला गेले, मॉर्गनना १९३३ साली नोबेल मिळालं. बक्षिसाच्या पैशातला वाटा त्यांनी ब्रिजेस आणि स्टर्टेव्हंट या सहकाऱ्यांच्या मुलांसाठी दिला. म्हणजे माणूस कोत्या मनाचा नव्हता. तरीही लिलियनना संस्थेत अधिकृत पद मिळालं ते १९४६ साली, नवरा वारल्यावर. तेव्हा त्यांनी वयाची पंचाहत्तरी ओलांडली होती.

ईडिथ वॉलेस यांचंही तसंच. माश्यांच्या पंखांची, डोळ्यांची, केसांची चित्रं त्यांनी वर्षानुवर्षं काढली. छायाचित्रात जे नीट दिसत नसे ते त्यांच्या कुंचल्यातून दिसे. ती चित्रं पुस्तकांत आहेत. चित्रकार कोण, हे कोण बघतं?

या सगळ्याच्या आधीची, आणि आपल्या अगदी जवळची, एक बाई आहे. नेटी स्टीव्हन्स. शिक्षिकेची नोकरी करून पैसे साठवत साठवत ती पस्तिसाव्या वर्षी विद्यापीठात दाखल झाली. पुढे ब्रिन मॉर या मुलींच्या महाविद्यालयात तिने पीएच. डी. केली. मॉर्गन तेव्हा तिथेच शिकवत. १९०५ साली पिठातल्या किड्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघताना तिला दिसलं की मादीत वीस मोठी गुणसूत्रं आहेत, नरात मात्र एकोणीस मोठी आणि एक लहान. म्हणजे अर्ध्या शुक्रपेशींत मोठं गुणसूत्र जातं, अर्ध्यांत लहान, आणि नर की मादी हे त्यावर ठरतं. बीजांडाचा त्यात काही दोष नाही. त्याच वर्षी कोलंबियाचे ई. बी. विल्सन स्वतंत्रपणे याच दिशेने पोचले होते, पण त्यांनी ते बरंच हातचं राखून मांडलं. पाठ्यपुस्तकांत बरीच वर्षं विल्सन आणि मॉर्गन यांचीच नावं राहिली. नेटीसाठी महाविद्यालयाने खास संशोधन-प्राध्यापकपद निर्माण केलं, पण ते हाती येण्याआधीच, १९१२ साली, ती स्तनाच्या कर्करोगाने गेली. वय पन्नास.

विचार करा, १९०५! आणि त्यानंतर किती वर्षं 'हिला मुलीच होतात' म्हणून बायकांना माहेरी धाडलं गेलं, सवत आणली गेली. आरोग्याच्या शिबिरांत आपण फळ्यावर एक्स आणि वाय काढून दाखवतो, तेव्हा मागे बसलेली एखादी तरी बाई हटकून विचारते, 'हे आमच्या सासूला कुणी सांगितलं का नाही?' दुसरीकडे, जे लहानसं गुणसूत्र बाईला दोषमुक्त करणारं होतं, तेच गर्भजलातल्या पेशींमध्ये शोधून मुली पाडण्याचा धंदा मुंबईत राजरोस चालला. आपण सगळ्याजणी रस्त्यावर उतरलो म्हणून १९८८ साली महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा आला, १९९४ साली केंद्राचा. तरी शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या, त्या २०११ साली ८९४ झाल्या. सोनोग्राफीने काम आणखी सोपं केलं होतं.

प्रयोगशाळेत काय शोधलं जातं यावर आपण लढलो, आणि ते योग्यच होतं. पण तिथे राबतं कोण, कुणाच्या कामाला 'संशोधन' म्हणायचं आणि कुणाच्या कामाला 'मदत', हे आपण कधी विचारलंच नाही. शेतात, घरात, गिरणीत हाच प्रश्न आपण किती वेळा विचारला आहे! पांढरा कोट बघून आपणही दबून जातो की काय? आज आनुवंशशास्त्राच्या वर्गात मुली भरपूर दिसतात. प्रकल्प संपला की त्यांची नेमणूक संपते, आणि नेमकी तीच लग्नाची, बाळंतपणाची वर्षं असतात. २०१६ पासून पीएच. डी. करणाऱ्या मुलींना २४० दिवसांची रजा मिळू शकते, हे खरं. पण त्या दिवसांत माश्या कोण हलवणार, हे नियमात लिहिलेलं नाही.

परवा मैत्रिणीच्या मुलीचा फोन आला. मावशींचं पूर्ण नाव तिने विचारून घेतलं आहे, पुढच्या निबंधात आभारात घालणार म्हणाली. मी विचारलं, 'आणि रोजंदारीचं काय?' 'ते सरांच्या हातात नाही गं,' ती म्हणाली. कुणाच्या हातात आहे, ते शोधायला पुढच्या आठवड्यात आम्ही दोघीतिघी विद्यापीठात जाणार आहोत. तुमच्या गावच्या महाविद्यालयात, प्रयोगशाळेत अशा बायका असतील तर त्यांच्याशी बोला आणि आम्हाला कळवा.