मुलींची चित्रकथा आणि समीक्षेचे आश्चर्य

मुलींसाठी प्रसिद्ध होणाऱ्या प्रणयप्रधान चित्रकथांकडे साहित्याचा अभ्यासक सहसा वळत नाही, आणि कधी वळलाच तर प्रथम तो चकित होतो. पाणीदार मोठे डोळे, चौकटीच्या कडांवर उधळलेली फुले, वाऱ्यावर भुरभुरणारे केस, या साऱ्या सजावटीच्या आड त्याला आत्महत्या दिसते, अत्याचार दिसतो, राज्यक्रांती दिसते, पोटच्या मुलीविषयी आईला वाटणारा तिटकारा दिसतो. बालवाङ्मयाच्या अंगणात प्रौढांचे दुःख वाट चुकून शिरले असावे, असा त्याचा समज होतो. हे आश्चर्य प्रामाणिक असले तरी ते तपासून घेणे अगत्याचे आहे. त्या चित्रकथा नित्यनेमाने वाचणाऱ्या मुलींना असे आश्चर्य वाटल्याचे दिसत नाही. ते वाटते ते बाहेरून येणाऱ्यालाच.

या संदर्भात जपानमधील 'शोजो मांगा' या प्रकाराचा इतिहास उद्बोधक आहे. 'शोजो' म्हणजे किशोरी आणि 'मांगा' म्हणजे चित्रकथा. १९५३ साली ओसामु तेझुका यांची 'रिबन नो किशी' ही राजपुत्राच्या वेषातील राजकन्येची कथा मुलींच्या मासिकातून क्रमशः येऊ लागली. त्यानंतरच्या दीड दशकात मुलींसाठी चित्रकथा रचणारांत पुरुषांचाच भरणा मोठा होता. पुढे हे चित्र पालटले. माचिको सातोनाका यांनी १९६४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, नवोदितांचे पारितोषिक मिळवून या क्षेत्रात पदार्पण केले. सत्तरीच्या दशकात तर मोतो हागिओ, केइको ताकेमिया, युमिको ओशिमा अशा तरुण लेखिकांची एक पिढीच पुढे आली. शोवा कालगणनेच्या चोविसाव्या वर्षाच्या, म्हणजे १९४९ च्या, आसपास जन्मलेल्या म्हणून त्यांना 'चोवीस सालचा गट' असे नाव पडले. वाचिका आणि लेखिका यांच्या वयातील अंतर आता थोरल्या व धाकट्या बहिणींमधील अंतराइतकेच उरले होते.

याच पिढीतील रियोको इकेदा यांची 'व्हर्सायचा गुलाब' ही कथा १९७२ ते १९७३ या काळात 'मार्गारेट' या साप्ताहिकात आली. तिला श्टेफान त्स्वाइग यांनी लिहिलेल्या मारी आंत्वानेतच्या चरित्राचा आधार होता. पुत्राप्रमाणे वाढवलेली आणि राणीच्या रक्षकदलाची प्रमुख झालेली ओस्कार ही कथेची नायिका. ती अखेरीस आपल्या वर्गाकडे पाठ फिरवून जनतेच्या बाजूने उभी राहते आणि १४ जुलै १७८९ रोजी बास्तीयच्या लढ्यात देह ठेवते. प्रणय येथे आहेच. परंतु कोणावर प्रेम करावे हा प्रश्न कोणासाठी लढावे या प्रश्नापासून येथे वेगळा काढता येत नाही.

मोतो हागिओ यांची 'थोमासचे हृदय' ही १९७४ मधील कथा एका शाळकरी मुलाच्या आत्महत्येनेच सुरू होते. घटना जर्मनीतील एका वसतिशाळेत घडतात. ज्याच्यावर थोमासचे प्रेम होते तो युली हा विद्यार्थी आदर्श म्हणून ओळखला जातो. पण एका वरिष्ठ विद्यार्थ्याने केलेल्या छळाची खूण त्याच्या अंगावर आहे, आणि आपण प्रेमाला अपात्र झालो अशी त्याच्या मनाने गाठ बांधली आहे. जे त्याच्यावर लादले गेले त्याची लाज त्यालाच वाटते, हा या कथेचा गाभा. प्रारंभी वाचकांच्या मतचाचणीत ही कथा मागे पडली होती, तरी ती पूर्ण झाली. ताकेमिया यांना 'वारा आणि वृक्ष यांचे गीत' ही शोषणाने पोळलेल्या मुलाची कथा छापून येण्यासाठी कित्येक वर्षे संपादकांशी झगडावे लागले. ती १९७६ मध्ये सुरू झाली.

या दोन्ही कथांतील पात्रे मुलगे आहेत, आणि तेही दूरच्या युरोपातील, ही गोष्ट वरवरची नव्हे. स्वतःच्या देहावर ओढवू शकणारा प्रसंग मुलीच्या रूपात पाहणे ज्या वाचिकेला असह्य झाले असते, तिला तोच प्रसंग परक्या मुलाच्या रूपात पाहता आला. अंतर राखल्यामुळेच जवळ जाणे शक्य झाले. शिवाय या लेखिकांनी चित्रकथेचे पानच नव्याने मांडले. चौकटींच्या रेषा विरघळू लागल्या, आणि संवादाच्या फुग्याबाहेर, मोकळ्या पांढऱ्या जागेत, पात्राचे मनोगत उमटू लागले. आपले दुःख कोणालाही न सांगणाऱ्या माणसाचे मन वाचकापुढे उघडे करण्याची सोय प्रणयकथेने आपल्या गरजेपोटी निर्माण केली होती. तीच सोय पुढे छळ आणि अपराधभाव यांच्या चित्रणाला कामी आली.

हे स्वातंत्र्य या लेखिकांना कोणत्या उदार धोरणाने दिले नाही. ते बव्हंशी उपेक्षेतून मिळाले. मुलींचे वाचन क्षुद्र मानले गेल्यामुळे साहित्याच्या पहारेकऱ्यांची नजर तिकडे क्वचितच वळली. याची उलट बाजू अमेरिकेत दिसते. तेथे जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी १९४७ मध्ये 'यंग रोमान्स' सुरू केले, ते वयाने मोठ्या वाचकांसाठी असल्याचे मुखपृष्ठावरच सांगून. १९५४ मध्ये चित्रकथांविरुद्ध काहूर उठले, प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली, आणि प्रणयकथेने घराचे मोल व विवाहाचे पावित्र्य यांवर भर द्यावा असे त्या संहितेत लिहिले गेले. पहारा बसला आणि कथेतील स्त्रीचे वय जणू उतरले.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाला हा अनुभव अपरिचित वाटू नये. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा त्यावर विभावरी शिरूरकर हे टोपणनाव होते, आणि त्या नावाआड कोण आहे याची चर्चाच अधिक रंगली. इस्मत चुगताई यांच्या १९४२ मधील 'लिहाफ' या उर्दू कथेवर लाहोरच्या न्यायालयात अश्लीलतेचा खटला चालला. त्यातून त्या निर्दोष सुटल्या. स्त्रीने स्त्रीच्या अंतर्जीवनाविषयी प्रौढपणे लिहिले आणि ते प्रतिष्ठित साहित्याच्या हद्दीत आले, की तिची झडती होते. ते हद्दीबाहेर राहिले, तर कोणी वाचतच नाही. झडती किंवा उपेक्षा, यांपलीकडे तिसरा मार्ग समीक्षेने क्वचितच दाखविला आहे.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. कोवळ्या वयाच्या वाचकासमोर क्रौर्य मांडण्यात धोका आहे, आणि वेदनेचे चित्र सुंदर केले की ती वेदनाच मोहक वाटू लागते. शोजो मांगातही असे घडलेले आहे. रेषेच्या लालित्यात कधी कधी जखमेचा विसर पडतो. परंतु या आक्षेपाचे उत्तर विषयाला बंदी हे नव्हे. पाहावयाचे ते हे, की कथा पीडिताच्या नजरेतून पाहते की पीडकाच्या. आणि शेवटी लाज कोणाच्या पदरी टाकते. ही कसोटी लावावयाची तर ती पाने वाचावी लागतील, आणि नेमके तेच टाळले जाते.

काळजी करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विसरू नये. हागिओ यांच्या 'इग्वानाची मुलगी' या १९९२ मधील छोट्या कथेत आईला आपली थोरली मुलगी घोरपडीसारखी दिसते, आणि म्हणून मुलीलाही आरशात तेच रूप दिसते. आईच्या मृत्यूनंतर तिच्या चेहऱ्यात मुलीला तीच घोरपड आढळते. ही कथा थोड्या मोठ्या वयाच्या वाचिकांच्या मासिकासाठी लिहिलेली होती. जिच्या घरी असे घडते तिचे वय मात्र कोणी विचारून घेत नाही. प्रौढांचे दुःख मुलींच्या वाचनात येण्यापूर्वीच त्यांच्या आयुष्यात आलेले असते. पुस्तक तेवढे उशिरा पोहोचते.

हागिओ यांना २०१९ मध्ये जपान सरकारने सांस्कृतिक कार्यासाठी गौरविले. ताकेमिया २०१४ मध्ये क्योतो सेइका विद्यापीठाच्या अध्यक्षा झाल्या. मान मिळाला हे योग्यच झाले. तथापि तो अर्धशतकाच्या अंतराने मिळाला, आणि तोवर समीक्षेचे काम वाचिकांनी आपापसांत केले. भारतीय भाषांतील स्त्रियांची व मुलींची मासिके, त्यांतील क्रमशः कथा, चित्रे आणि वाचकांची पत्रे ग्रंथालयांच्या तळघरांत जीर्ण होत आहेत. त्यांत काय आहे ते आधीच ठाऊक असल्याच्या समजुतीवर ती न उघडणे अभ्यासकाला शोभत नाही. आश्चर्य वाटावयाचेच असेल तर ते वाचल्यावर वाटावे, आणि ती मासिके नष्ट होण्यापूर्वी वाटावे.